पळायचे दिवस, आरामाचे दिवस

आज आपण पळण्याविषयी बोलणार आहोत. गटाच्या बैठकीत आम्हाला हल्ली दोन प्रश्न हमखास विचारले जातात. भरतीची तयारी करणारी मुलगी विचारते, "ताई, रोज पळाले तर लवकर दम वाढेल ना?" आणि चाळिशीची बाई विचारते, "दिवसभर कांदे काढले, तरी सकाळी पळायचं का?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीत आहे: आठवड्याची आखणी.

नाशिक जिल्ह्याला पळणाऱ्या बायकांचं नवल नाही. सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. तिकडे बारामतीला लता करे यांनी साठी ओलांडल्यावर, नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून, नऊवारी नेसून अनवाणी शर्यत जिंकली. लताबाईंचं धाडस मोठंच. पण ती अडीनडीची धाव होती, ते आपलं रोजचं वेळापत्रक करायचं नाही. आपल्याला वर्षानुवर्षं पळायचंय, आणि गुडघे शाबूत ठेवून पळायचंय.

आता शरीरात काय होतं ते बघू. पळताना ताकद वाढत नाही, पळताना शरीर झिजतं. स्नायूंना बारीक इजा होते, हाडांवर ताण येतो. ती झीज भरून निघते झोपेत आणि आरामात, आणि भरताना शरीर आधीपेक्षा थोडं मजबूत होतं. म्हणजे आरामाचा दिवस हा वाया गेलेला दिवस नाही. पळण्याचं फळ त्याच दिवशी मिळतं.

यात एक गोम आहे. दम दोन-चार आठवड्यांत सुधारतो, पण हाडं आणि स्नायूबंध पक्के व्हायला महिने लागतात. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात छाती म्हणते, "अजून पळ," आणि नडगी म्हणते, "थांब." अशा वेळी नडगीचं ऐकायचं. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. त्यासाठी सातही दिवस जीव तोडून पळणाऱ्या मुलीची नडगी नेमकी मैदानी चाचणीच्या तोंडावर दुखायला लागली, तर सगळी मेहनत पाण्यात जाते.

मग सुरुवात कशी करायची? जिला अर्धा तास न थकता चालता येतं, तिने आठवड्यात तीनच दिवस धरावेत: मंगळवार, गुरुवार आणि रविवार. दोन पळण्यांमध्ये निदान एक दिवस मोकळा राहिला पाहिजे.

पहिले दोन आठवडे आधी ५ मिनिटं भरभर चालायचं. मग १ मिनिट हळू पळायचं, २ मिनिटं चालायचं, असं ८ वेळा. शेवटी ५ मिनिटं सावकाश चालायचं. तिसऱ्या आठवड्यात २ मिनिटं पळणं, २ मिनिटं चालणं, असं ६ वेळा. चौथा आठवडा हलका ठेवायचा, दोनच दिवस पळायचं. पाचव्यापासून पळण्याची मिनिटं पुन्हा हळूहळू वाढवायची.

वेग किती? सोबतिणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली, तर वेग जास्त झाला असं समजा.

काही महिन्यांनी आठवड्याला १२ किलोमीटर जमायला लागले, की मंगळवारी ३, गुरुवारी ४, रविवारी ५ अशी वाटणी करा. पुढच्या आठवड्यात फार तर १ किलोमीटर वाढवा. १२, १३, १४ झाले की चौथ्या आठवड्यात १० वर या. आणि अंतर वाढवलं, त्या आठवड्यात वेग वाढवायचा नाही.

आता आपल्या कामाचा हिशेब. शहरातल्या तक्त्यांत हा नसतो. कांदे काढणं, लागण करणं, डोक्यावरून पाणी आणणं, हाही शरीरावरचा ताणच आहे. दिवसभर वाकून कांदा काढला, तर कंबर आणि मांडीची मागची बाजू आधीच दमलेली असते. दुसऱ्या दिवशी सकाळी पळू नका. कांद्याच्या हंगामात आठवड्यातून एक-दोनदा हलकं पळणं झालं तरी पुष्कळ. पैठणीच्या मागावर बसणाऱ्या बाईचं उलटं आहे. तिचं अंग बसून आखडतं. तिने आरामाच्या दिवशीही वीस मिनिटं पायी फिरून यावं. शेतात राबणारीचा आराम मात्र खरा आराम हवा.

आणि बुडालेलं पळणं भरून काढायचं नाही. बचतीचा हप्ता चुकला तर पुढच्या बैठकीत भरावा लागतो. पळण्याचा हप्ता चुकला तर तो माफ. दोन दिवसांचं एका दिवसात पळालात, तर दंड पायांनाच बसतो.

सगळ्यात अवघड आहे तो घरातला आरामाचा दिवस. "आज पळायला गेली नाहीस ना, मग गोधड्या धुऊन टाक," असं ऐकू येतं. बाई उठते आणि धुवायला बसते. म्हणून वेळापत्रक कागदावर लिहा आणि कॅलेंडरशेजारी लावा. आरामाचे दिवस त्यावर ठळक लिहा, म्हणजे घरच्यांनाही ते दिसतील. सासूबाईंना, नवऱ्याला एकदा नीट समजावून सांगा. आणि मुलगी पळत असेल, तर तिच्या आरामाच्या दिवशी तिच्यावर जास्तीचं काम टाकू नका. ही जबाबदारी आपली, आयांची.

काही खुणांकडे मात्र दुर्लक्ष नको. हाडावर एकाच जागी दुखतंय, बोटाने दाबलं की कळ येते आणि पळताना वाढते, तर पळणं बंद आणि डॉक्टरांकडे. छातीत दुखलं, चक्कर आली, तर लगेच थांबून दवाखाना गाठा. तीन महिने पाळी आली नाही, तरी तपासून घ्या. खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की असं होऊ शकतं. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांना रक्त कमी आहे. म्हणून सुरुवातीलाच आशाताईंना विचारून हिमोग्लोबिन तपासा. जेवणात मटकी, पालेभाजी, वर लिंबू असू द्या आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. गरोदर, नुकत्याच बाळंत झालेल्या, बीपी किंवा साखर असलेल्या बहिणींनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आपल्याकडचा उन्हाळा कडक. पहाटेच पळा, पण एकट्या नको, दोघी-तिघी मिळून. मनमाड–नगर हमरस्ता टाळा, शाळेचं मैदान बरं.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की दहा मिनिटं काढा. कोणाचे कोणते तीन दिवस ते ठरवा आणि जोड्या लावा. कोणी किती पळालं हे तर विचाराच, पण कोणाचा आराम झाला नाही, हेही विचारा.