अण्वस्त्रांची गुप्तता आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

संरक्षण आणि अण्वस्त्रे हे आपले विषय नव्हेत, अशी एक समजूत परिवर्तनवादी चळवळीत रुजलेली आहे. शिष्यवृत्ती, राखीव जागा, गायरान, अत्याचार हे आपले प्रश्न आणि बॉम्ब हा दिल्लीतल्या तज्ज्ञांचा प्रश्न, असे माझे विद्यार्थीही म्हणतात. हे विद्यार्थी नाशिकचे आहेत. ओझरचा विमान कारखाना आणि देवळालीचे तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र त्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. मी स्वतः घरातला पहिला पदवीधर. 'हे तुम्हाला कळायचे नाही' हे वाक्य आमच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेले आहे. तेच वाक्य शासन नागरिकाला ऐकवू लागले, की ते तपासून घेणे मला अगत्याचे वाटते.

बाबासाहेबांनी हा विषय परका मानला नव्हता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी संसदीय पद्धतीचे समर्थन केले, ते उत्तरदायित्वाच्या मुद्द्यावर. या पद्धतीत सरकारची झडती मतदार ठरावीक काळाने घेतात, पण सभासद ती प्रश्न विचारून, ठराव मांडून रोज घेऊ शकतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे मंत्रिमंडळाचा राजीनामा दिल्यानंतर १० ऑक्टोबर १९५१ च्या निवेदनात त्यांनी हिंदू कोड बिल आणि अस्पृश्यांची उपेक्षा यांबरोबरच परराष्ट्र धोरणाचीही झडती घेतली. ३५० कोटींच्या महसुलातले सुमारे १८० कोटी सैन्यावर खर्च होतात, हे त्यांनी आकड्यानिशी दाखविले. हे निवेदन सभागृहात करण्यास अध्यक्षस्थानावरून आडकाठी झाली, तेव्हा ते बाहेर पडले आणि त्यांनी ते वृत्तपत्रांच्या हाती दिले. ज्यांच्या पोटाला चिमटा बसतो त्यांनी सैन्यखर्चाचा हिशेब विचारावा, हा वारसा आपल्याकडे तेव्हापासून आहे.

प्रश्न विचारल्याने काय साधते, याचे उदाहरण ओझरचेच घेऊ. १९६४ साली स्थापन झालेल्या या कारखान्यात मिग-२१ विमाने तयार झाली. ती पडत होती आणि तरुण वैमानिक मरत होते, हे लोक पाहत होते. परंतु एकूण चित्र २०१२ साली संसदेतल्या उत्तरातून पुढे आले. विविध प्रकारच्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली, १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मेले, असे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी सांगितले. त्याने विमाने लगेच निवृत्त झाली असे नव्हे. मिग-२१ चे अखेरचे उड्डाण २६ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. पण वाद घालायला लोकांच्या हाती आकडा आला, आणि तो दिल्याने देश दुबळा झाला नाही.

अण्वस्त्रांविषयी मात्र असा आकडा विचारण्याची सोयच नाही. मुळात अण्वस्त्राचा अपघात म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. अपघातात अणुस्फोट होईलच असे नाही. बॉम्बमध्ये साधी स्फोटकेही असतात. ती पेटली तर प्लुटोनियमची धूळ दूरवर पसरते. १७ जानेवारी १९६६ रोजी स्पेनमधील पालोमारेस या शेतकऱ्यांच्या गावावर अमेरिकेचे बॉम्बफेकी विमान कोसळले. त्यातल्या चार हायड्रोजन बॉम्बपैकी दोहोंमधील साधी स्फोटके फुटली आणि शेतांत प्लुटोनियम पसरले. सुमारे १,४०० टन माती उचलून अमेरिकेत न्यावी लागली. बॉम्ब अमेरिकेचे होते आणि जमीन टोमॅटो पिकविणाऱ्यांची होती.

आपल्याकडची व्यवस्था पाहा. १९७४ च्या पोखरण चाचणीचे प्लुटोनियम मुंबईत, ट्रॉम्बेच्या सायरस अणुभट्टीतून आले. अणुऊर्जा केंद्रांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवण्यासाठी १९८३ साली नियामक मंडळ नेमले गेले. पण २००० साली भाभा अणुसंशोधन केंद्र या मंडळाच्या देखरेखीतून काढून केंद्राच्याच अंतर्गत समित्यांकडे सोपविण्यात आले. म्हणजे परीक्षार्थीच परीक्षक झाला. ४ जानेवारी २००३ च्या शासकीय निवेदनाने अण्वस्त्र वापरण्याचा आदेश पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राजकीय परिषदच देईल, हे स्पष्ट केले. मात्र अपघात झाल्यास नागरिकांना कोण कळविणार, याविषयी त्यात अक्षर नाही.

न्यायालयाचे दारही ठोठावून झाले आहे. अणुप्रकल्पांतील सुरक्षिततेच्या उणिवांविषयी नियामक मंडळाने १९९५ साली अहवाल तयार केला होता. तो उघड व्हावा म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. सरकारने १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यातील गुप्ततेच्या कलमाचा आधार घेतला. उच्च न्यायालयाने मागणी फेटाळली आणि जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने तो जुना कायदा रद्द करणारा नवा कायदा संमत केला आणि नियामक मंडळाला वैधानिक दर्जा देऊ केला. हे स्वागतार्ह आहे. परंतु वैधानिक मंडळाची नजर अण्वस्त्रांच्या कामापर्यंत पोहोचणार की नाही, हे आपण विचारलेच पाहिजे.

गुप्तता शत्रूपासून राखायची असते, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात काय घडते? ३१ डिसेंबर १९८८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दर १ जानेवारीला आपापल्या अणुआस्थापनांची यादी एकमेकांना देतात. १९९२ पासून हा क्रम चालू आहे. ही यादी इस्लामाबादला मिळते, नाशिकच्या नागरिकाला मिळत नाही. २१ फेब्रुवारी २००७ रोजी झालेल्या करारात अण्वस्त्राच्या अपघाताची खबर परस्परांच्या सरकारांना ताबडतोब देण्याचे ठरले, पण अपघाताच्या जागेजवळच्या गावाला खबर देण्याची तरतूद त्यात नाही. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. त्यावर अण्वस्त्र नव्हते. परंतु दोन्ही देश अण्वस्त्रधारी आहेत. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानी लष्कराच्या प्रवक्त्याने ही गोष्ट जाहीर केली. आपल्या संरक्षण मंत्रालयाने ती ११ मार्चला मान्य केली आणि संसदेत निवेदन झाले १५ मार्चला. ऑगस्टमध्ये तीन अधिकारी बडतर्फ झाले, पण चौकशीचा संपूर्ण अहवाल प्रसिद्ध झाला नाही. म्हणजे आपल्या घरातली चूक आपल्याला शेजाऱ्याच्या तोंडून कळली.

शस्त्र कोठे ठेवले आहे, ते कसे चालते, हे कोणी शहाणा माणूस विचारणार नाही. ते गुप्तच राहावे. परंतु सुरक्षिततेची तपासणी कोण करतो, तो तपासल्या जाणाऱ्यांपासून स्वतंत्र आहे काय आणि तो कोणाला उत्तर देतो, हे सांगितल्याने कोणतेही गुपित फुटत नाही. शस्त्राची गुप्तता आणि सत्तेची गुप्तता यांत फरक आहे. पहिलीच्या आडोशाने दुसरी जपली जाते, ही आपली तक्रार आहे.

आणि या आडोशाची किंमत कोण देतो? १९७६ साली, आणीबाणीत, भाभा केंद्रासाठी ट्रॉम्बेची जनता कॉलनी पाडण्यात आली आणि हजारो गरीब कुटुंबांना चीता कॅम्पमध्ये हलविण्यात आले. ती आजही त्याच परिसरात राहतात. धोक्याजवळची जमीन स्वस्त असते, म्हणून तेथे कोण राहतो हे जात आणि दारिद्र्य ठरविते. तेव्हा हा विषय दिल्लीतल्या तज्ज्ञांचा आहे, असे म्हणणाऱ्याने आधी मानखुर्द-गोवंडीचा नकाशा पाहावा.

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी करण्याजोगी कामे साधी आहेत. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे आणि महालेखापरीक्षकांचे अहवाल प्रसिद्ध होतात. ते अभ्यासवर्गात वाचावेत आणि त्यांचा सारांश मराठीत करावा. आपल्या खासदाराला लेखी विचारावे की अण्वस्त्रांच्या सुरक्षिततेची स्वतंत्र तपासणी होते काय, तिचा अहवाल संसदेच्या एखाद्या समितीपुढे, बंद दाराआड का होईना, ठेवला जातो काय, आणि अपघात झाल्यास जिल्हा प्रशासनाने लोकांना कसे कळवायचे हे ठरले आहे काय. खासदाराने हे प्रश्न सभागृहात मांडले नाहीत, तर का मांडले नाहीत, हे पुढच्या निवडणुकीत त्याला भर सभेत विचारता येते. रोजची झडती सभासदांनी घ्यावी आणि सभासदांची झडती आपण घ्यावी, अशीच ही व्यवस्था बाबासाहेबांनी मांडली होती.