बहिणी-बहिणींची ब्रह्मगिरी फेरी

श्रावणातला तिसरा सोमवार जवळ आला की आम्हां बहिणींना त्र्यंबकचे वेध लागतात. कुशावर्त कुंडावर स्नान करायचं आणि ब्रह्मगिरीला पायी प्रदक्षिणा घालायची. छोटी फेरी साधारण २० किलोमीटरची, मोठी ४० च्या आसपास. ताईला शुगर, मला थायरॉइड; आम्ही छोटीच करतो. वाटेत चिखल, धुकं, डोंगरावरून उतरणारं पाणी! घरी न निघणारे विषय चालता चालता आपोआप निघतात: मेनोपॉज, उडालेली झोप, सासूबाई.

यंदा यायचंय? मग आत्तापासून गोदाकाठी रोज चाला, अंतर हळूहळू वाढवा. फेरीच्या दिवशी नवे बूट अजिबात नकोत, पायाला फोड येतात. पाणी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू जवळ ठेवा (सोमवारचा उपवास असतोच). गुडघ्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.