एक डोळा नकाशावर

सुट्टीच्या दिवशी दुपारी इच्छापोर गावातील आमच्या आळीत एखाद्या घरी संगणकाभोवती चारपाच मुले दाटीने बसलेली दिसली, म्हणजे आत कोणते तरी राज्य उभे राहत आहे अथवा बुडत आहे, असे खुशाल समजावे. वडीलधाऱ्या मंडळींस हा वेळेचा अपव्यय वाटतो, आणि पुष्कळदा तो असतोही. परंतु खेळ किती वेळ खेळावा हा एक प्रश्न, आणि त्या खेळात कोणती विद्या दडलेली आहे हा दुसरा. प्रस्तुत लेखात आम्ही मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

या खेळांस 'रिअल-टाइम स्ट्रॅटेजी' असे नाव आहे. बुद्धिबळात एक खेळी आपली, एक प्रतिपक्षाची. आपण विचार करीत असता त्याचा घोडा जागचा हलत नाही. येथे तशी सवलत नाही. आपण एकीकडे शेत पेरीत असता प्रतिपक्ष दुसरीकडे आपला तट फोडीत असतो. १९९२ साली निघालेल्या 'ड्यून टू'ने या प्रकाराचा साचा घालून दिला. १९९८ च्या 'स्टारक्राफ्ट'ने दक्षिण कोरियाला वेड लावले. आणि १९९९ चा 'एज ऑफ एम्पायर्स टू' आजही आवडीने खेळला जातो. २०२२ साली त्याला भारतीय राजवटींची जी पुरवणी जोडली गेली, तीत गुर्जरांचाही समावेश आहे.

याच खेळाचे उदाहरण घेऊ. आरंभी खेळाडूपाशी सामान्यतः एक नगरकेंद्र, तीन गावकरी व एक घोडेस्वार टेहळ्या असतो. नगरकेंद्रात पाच माणसांपुरतीच सोय असते. म्हणजे एक गावकरी वाढला की पुढे घर बांधल्यावाचून गत्यंतर नाही. एका घराने आणखी पाच माणसांची सोय होते. नवा गावकरी सिद्ध होण्यास ५० धान्य व २५ सेकंद लागतात. आता हिशेब पाहा. लढाईच्या नादात घर बांधावयाचे राहिले व नगरकेंद्र दोन मिनिटे रिकामे बसले, तर चारपाच गावकरी कमी झाले. शत्रूने एक बाणही न सोडता आपण पाच माणसे गमावली! आमच्यापैकी बहुतेकांचे पराभव रणांगणावर झालेच नाहीत. ते असे घरच्या अंगणात, कोणाचे लक्ष नसता झाले.

याचे कारण असे की, संपूर्ण राज्य पडद्यावर एकाच वेळी मोठे दिसत नाही. दिसतो तो एक तुकडा. संपूर्ण प्रदेश दाखवितो तो पडद्याच्या कोपऱ्यातील छोटा नकाशा. त्यावर तीन प्रकारचे भाग असतात. जेथे आपण गेलोच नाही तो भाग काळा. जेथे आपला मनुष्य आता उभा आहे तो उजळ. आणि जेथे आपण पूर्वी जाऊन आलो परंतु आता आपले कोणी नाही, तो मंद. नवशिके काळ्या भागाला भितात. खरा फसवा असतो तो मंद भाग. तेथील इमारती आपण शेवटच्या पाहिल्या तशाच दिसत राहतात. त्यानंतर तेथे काय घडले ते दिसत नाही. जुनी बातमी ताजी समजणे, ही या खेळातील सर्वांत महागात पडणारी चूक होय. म्हणून टेहळ्याने आरंभी एक फेरी मारून विसावा घेणे बरोबर नाही. त्याने पुनःपुन्हा जाऊन यावयास हवे.

आता कोणी म्हणेल की, अनेक कामे एकदम करण्याची शक्ती उपजतच असावी लागते. हा समज बरोबर नाही. वाचकांनी एक लहानसा प्रयोग करून पाहावा. घड्याळ लावून प्रथम १ ते १२ हे आकडे लिहावेत, नंतर त्याखाली क पासून ठ पर्यंतची बारा अक्षरे. दोन्हींस मिळून किती वेळ लागला तो टिपावा. मग १ क, २ ख, ३ ग असे आलटून पालटून लिहावे. मजकूर तोच, पण वेळ बहुधा अधिक लागेल. आर्थर जर्सिल्ड या मानसशास्त्रज्ञाने १९२७ सालीच अशा प्रयोगांनी दाखविले की, मन एका कामावरून दुसऱ्यावर नेताना काही काळ खर्ची पडतो. ज्या दोन कामांस विचार लागतो ती दोन्ही मन एकदम करीत नाही. ते केवळ जलद येरझाऱ्या घालते. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांपाशी अवधानाचीच मागणी करतात. ते धन प्रत्येकापाशी मोजकेच असते. ज्याला आपण अष्टावधानी म्हणतो त्यालाही मन एकच. ते कोठे, केव्हा आणि किती काळ न्यावे हे त्याने अभ्यासाने साधलेले असते.

यंत्रालाही हा नियम चुकला नाही. 'डीपमाइंड' या संस्थेने 'स्टारक्राफ्ट टू' खेळण्यासाठी 'अल्फास्टार' हा संगणक-कार्यक्रम रचला. डिसेंबर २०१८ मध्ये त्याने दोन निष्णात खेळाडूंस प्रत्येकी पाच-शून्य असे हरविले. परंतु त्या वेळी आपल्या दृष्टीच्या टप्प्यातील सारा प्रदेश त्याला एकाच वेळी न्याहाळता येत होता. जानेवारी २०१९ मध्ये मनुष्याप्रमाणेच एका वेळी एकच तुकडा पाहण्याचे बंधन घातलेली नवी आवृत्ती उतरविण्यात आली, आणि त्यापूर्वी हरलेल्या 'माना' या खेळाडूने तिच्यावर मात केली. दृष्टी कोठे न्यावी हे ठरविणे हेच एक मोठे काम आहे, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

मग ही कला साधावी कशी? अनुभवाने आम्हांस पटलेल्या चार गोष्टी येथे देतो. पहिली, प्रत्येक हुकूम दिला की एक नजर नकाशाकडे टाकावी. प्रथम मनात पाच अंक मोजून ती मुद्दाम टाकावी लागते; काही दिवसांनी ती आपोआप जाते. दुसरी, येरझारीचा मार्ग आखडावा. नगरकेंद्राला एक कळ, घोडदळाला एक कळ, असे नेमून दिले म्हणजे शोधाशोध वाचते. तिसरी, जे काम आपल्यावाचून चालू शकते ते चालू द्यावे. गावकऱ्यास घर बांधून झाल्यावर लाकडे तोडण्याचा हुकूम आधीच देऊन ठेवता येतो. चौथी, हरलेला डाव पुन्हा पाहावा. खेळाची नोंद संगणकात राहते. तीत पराभवाचा क्षण पाहून भागत नाही. त्याच्या दहा मिनिटे आधी आपले लक्ष कोठे होते ते पाहावे. शिवाय, या चारही गोष्टी एकदम धरू नयेत; एक अंगवळणी पडली की दुसरी घ्यावी.

असल्या सरावाचा मनावर परिणाम होतो काय, याचाही शोध घेतला गेला आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, असे खेळ न खेळणाऱ्या तरुणींकडून 'स्टारक्राफ्ट'चा ४० तास सराव करून घेतला, तेव्हा विचार एका विषयावरून दुसऱ्याकडे वळविण्याच्या चाचण्यांत त्यांची प्रगती आढळली. मात्र एका प्रयोगावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, आणि गणिताच्या पेपरात तर त्यावर मुळीच विसंबू नये!

आमच्या या सुरतेला तर नकाशावर डोळा ठेवण्याचे धडे नवे नाहीत. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेची दुसरी मोहीम आटोपून शिवाजी महाराज परतत असता, मोगल सरदार दाऊदखान वाट अडविण्यास येत असल्याची खबर त्यांस मिळाली. महाराजांनी फौजेचे भाग पाडले. द्रव्य घेऊन एक भाग पुढे काढून दिला आणि उरलेल्या फौजेने वणी-दिंडोरीजवळ मोगलांस गाठून त्यांचा पराभव केला. लढाई एका जागी, मोलाची वस्तू दुसऱ्या जागी, आणि चित्त दोहींकडे! हेरांच्या ताज्या बातमीवाचून हे घडले नसते.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळतो. खेळावरचा ताबा सुटणे हा विकार होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केले आहे. जेवण, झोप आणि अभ्यास ही आपल्या राज्याची नगरकेंद्रे होत. ती रिकामी पडली तर पडद्यावरील विजय काय कामाचा? तसेच पुस्तक उघडे ठेवून शेजारी फोन पाहणे यास अष्टावधान म्हणत नाहीत. ती केवळ येरझार होय आणि तिची किंमत वरच्या प्रयोगात आपण मोजलीच आहे.

आमच्या गावावरून हजिऱ्याकडे मालमोटारींची सतत ये-जा चालते. त्या रस्त्याने सायकलवरून जाताना पुढे पाहावे लागते, बाजूस पाहावे लागते आणि मागचा भोंगाही ऐकावा लागतो. दोन क्षणांपूर्वी रिकामा दिसलेला रस्ता आताही रिकामाच असेल असे नाही. तोही नकाशाचा मंद भागच आहे. पडद्यावर बुडालेले राज्य दुसऱ्या डावात पुन्हा उभारता येते. रस्त्यावर दुसरा डाव नसतो. म्हणून कानांतील यंत्रे काढून, नजर जागी ठेवून घरी पोचावे. खेळातून एवढी एक सवय जरी आम्ही उचलली, तरी तेथे घालविलेला वेळ अगदीच वाया गेला असे आमचे आईवडीलही म्हणणार नाहीत.