‘मोअर’ म्हणजे जास्त की आणखी?

पीएचडीचा प्रस्ताव इंग्रजीत लिहायला घेतला की ‘मोअर’ हा शब्द पानापानावर येतो. शब्द शाळेतला, म्हणून आपण त्याच्याकडे लक्ष देत नाही. पण त्याचे निदान दोन अर्थ आहेत: ‘जास्त’ आणि ‘आणखी’.

आपल्या इंदापूरचंच उदाहरण घेऊ. समजा, वाक्य आहे: ‘फार्मर्स नीड मोअर एफिशंट पंप्स.’ शेतकऱ्यांना आत्ताच्यापेक्षा जास्त कार्यक्षम पंप हवेत, की कार्यक्षम पंप आणखी हवेत? पहिल्या अर्थाने पंपाची कार्यक्षमता मोजावी लागेल, दुसऱ्या अर्थाने पंपांची संख्या. म्हणजे संशोधनाचा प्रश्नच बदलला! मराठी प्रश्नावलीत ‘अधिक’ लिहूनही सुटका नाही. ‘अधिक उंच’मध्ये तुलना आहे, तर ‘अधिक महिना’ म्हणजे जादाचा महिना. त्यापेक्षा ‘जास्त’ किंवा ‘आणखी’ यातला नेमका शब्द निवडा.

दुसरा मुद्दा, कशापेक्षा? इंग्रजीत ‘दॅन’ सहज गाळलं जातं. ‘ड्रिप सेव्ह्ज मोअर वॉटर’ असं लिहिलं, तर पाटपाण्यापेक्षा की तुषार सिंचनापेक्षा? आणि हिशोब एकरी की सगळ्या शेताचा? ठिबकने वाचलेल्या पाण्यावर उसाचं क्षेत्र वाढवलं, तर एकरी पाणी कमी लागूनही एकूण पाणी तेवढंच राहू शकतं, वाढूही शकतं. उजनीच्या पाण्यावर काम करायचं असेल तर हा फरक निष्कर्षच उलटा करू शकतो.

तिसरा मुद्दा आकड्यांचा. 20 पेक्षा ‘थ्री टाइम्स मोअर’ म्हणजे बहुतेकांना 60 वाटतात. पण 20 मध्ये तिपटीची भर घातली, असं कुणी वाचलं तर 80 होतात. म्हणून ‘थ्री टाइम्स अ‍ॅज मच’ लिहा, किंवा सरळ दोन्ही आकडे द्या. मराठीत ‘तिप्पट’ म्हटलं की शंका उरत नाही.

जाता जाता व्याकरणाचं. मराठीत ‘जास्त चांगलं’ चालतं, कारण तुलनेसाठी आपलं विशेषण रूप बदलत नाही. त्याच सवयीने आपण ‘मोअर बेटर’ लिहितो. पण ‘बेटर’मध्ये तुलना आधीच आहे. जोर द्यायचा असेल तर ‘मच बेटर’ लिहा.

मसुदा गाईडकडे पाठवण्याआधी फाइलमध्ये ‘मोअर’ शोधा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा: जास्त की आणखी, कशापेक्षा, कोणत्या मापाने? उत्तर वाक्यात सापडत नसेल, तर ते वाक्य पुन्हा लिहा.