विश्लेषण : हेडफोन महाग, म्हणून आवाज खरा? ‘स्टुडिओ हेडफोन’बाबत कानसेनांची मते का जुळत नाहीत?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ध्वनिमुद्रण आता मोठ्या शहरातील स्टुडिओवर अवलंबून राहिलेले नाही. गावातील भजन, कीर्तन, शेतीविषयक मुलाखत मोबाइल आणि साध्या मायक्रोफोनवर मुद्रित होते आणि त्याच दिवशी यूट्यूबवर जाते. मुद्रण कसे झाले हे तपासायचे, तर हाताशी बहुधा हेडफोनच असतो. तो घेताना सल्ला मिळतो ऑनलाइन ‘ऑडिओफाइल’ मंडळींचा, म्हणजेच आवाजाच्या दर्जाबाबत चोखंदळ कानसेनांचा. पण एकाच हेडफोनला एक जण ‘आरशासारखा स्वच्छ’ म्हणतो, तर दुसरा ‘कानाला टोचणारा’. बरोबर कोण? आणि पैसे मोजायचे ते कोणाच्या शब्दावर?

‘स्टुडिओ हेडफोन’ म्हणजे काय?

बाजारातील बहुतेक हेडफोन गाणे आवडावे यासाठी बनवलेले असतात. त्यासाठी खर्ज थोडा फुगवलेला असतो, वरचे स्वर थोडे चकचकीत केलेले असतात. स्टुडिओ हेडफोनचे काम उलटे आहे. मुद्रणातील दोष दाखवणे, हे त्याचे काम. पंख्याची घरघर, मायक्रोफोनवर आलेला श्वास, ‘स’ आणि ‘श’चा शिट्टीसारखा आवाज, दोन वाद्यांपैकी एकाने दुसऱ्याला झाकून टाकणे, हे सारे त्यात उघडे पडले पाहिजे.

त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. ‘क्लोज्ड-बॅक’ म्हणजे बाहेरून बंद कपांचा. यात बाहेरचा गोंगाट कमी येतो आणि आतला आवाज मायक्रोफोनपर्यंत जात नाही. ‘ओपन-बॅक’ म्हणजे जाळीदार कपांचा. यात आवाज मोकळा, डोक्याबाहेर पसरल्यासारखा वाटतो, पण तो शेजारच्यालाही ऐकू जातो. पहिला मुद्रणासाठी, दुसरा शांत खोलीत संपादन आणि मिश्रणासाठी, अशी ढोबळ विभागणी केली जाते.

हे तंत्र नवे नाही. जर्मनीच्या बायरडायनामिक कंपनीने ‘डीटी ४८’ हा डायनॅमिक हेडफोन १९३७ मध्ये आणला. अमेरिकेत जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये स्टिरिओ हेडफोन लोकप्रिय केला, तर सेनहायझरचा ‘एचडी ४१४’ हा ओपन हेडफोन १९६८ चा. सोनीचा ‘एमडीआर-७५०६’ १९९१ पासून आजही रेडिओ, दूरचित्रवाणी आणि चित्रीकरणस्थळी दिसतो.

बारामती-इंदापुरात त्याची गरज कुठे?

पहिली जागा रेडिओची. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ (९०.४ एफएम) आणि कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ (९०.८ एफएम) ही सामुदायिक रेडिओ केंद्रे आहेत. अशा केंद्रांच्या प्रक्षेपणाची प्रभावी शक्ती साधारणपणे १०० वॉटपर्यंत मर्यादित असते आणि आवाका जेमतेम १० ते १५ किलोमीटरचा. शिवाय एफएम प्रक्षेपणात सुमारे १५ हजार हर्ट्झपर्यंतचाच आवाज जातो. त्यामुळे ४० हजार हर्ट्झपर्यंत ऐकवण्याचा दावा करणारा महागडा हेडफोन रेडिओच्या कामात फारशी भर घालत नाही. निवेदकाला हवा असतो तो आपला आवाज मायक्रोफोनमध्ये परत न सोडणारा, तीन तास डोक्यावर जड न होणारा आणि सुटे भाग मिळणारा हेडफोन.

दुसरी जागा पालखी मार्गाची. संत तुकाराम महाराजांची पालखी या दोन तालुक्यांतून जाते. बेलवडी आणि इंदापूरचे रिंगण टिपायला दरवर्षी कॅमेरे सरसावतात. तिथे पखवाजाची धूम खालच्या टोकाला, टाळांचा खणखणाट वरच्या टोकाला आणि मध्ये हजारो माणसांचा गजर असतो. वारा मायक्रोफोनवर आदळतोय की आवाज क्षमतेबाहेर जाऊन फाटतोय, हे त्याच क्षणी कळले पाहिजे. रिंगण दुसऱ्यांदा होत नाही. इथे ओपन हेडफोन कितीही नावाजलेला असला, तरी निरुपयोगी. याउलट भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर पहाटे पक्ष्यांचे आवाज टिपणाऱ्याला अगदी बारीक आवाज आणि लांबच्या बोटीच्या इंजिनाची घरघर वेगळी ओळखायची असते. म्हणजे ‘सर्वोत्तम हेडफोन कोणता’ याआधीचा प्रश्न ‘काम कोणते’ हा आहे.

कानसेनांचे वाद नेमके कशावर?

गाजलेले वाद ठरावीक आहेत. सेनहायझरचे ‘एचडी ६००’ आणि ‘एचडी ६५०’ अनेकांना गायकीसाठी नैसर्गिक वाटतात. काहींच्या मते मात्र त्यांच्या आवाजावर ‘पातळ पडदा’ आहे. बायरडायनामिकचा ‘डीटी ९९०’ एकाला तपशीलवार वाटतो, दुसऱ्याला त्याचे वरचे स्वर टोचतात. सोनीच्या ‘७५०६’बद्दल तक्रार आहे की तो कठोर आहे. त्याच कठोरपणामुळे दोष लवकर सापडतात, असे ध्वनिमुद्रक सांगतात.

यातील बराच वाद शब्दांचा आहे. ‘पडदा’ म्हणजे बहुधा वरच्या कंप्रता थोड्या दबलेल्या. ‘तपशील’ म्हणजे अनेकदा त्याच कंप्रता थोड्या चढवलेल्या. ‘उबदार’ म्हणजे खर्ज आणि त्यावरचा भाग भरलेला. टाळांचे मुद्रण ‘चढ्या’ हेडफोनवर ऐकले तर कर्कश वाटेल, संपादक टाळ कमी करेल आणि मंडपातल्या कर्ण्यावर तेच भजन निस्तेज वाजेल. खर्ज फुगवणाऱ्या हेडफोनवर मिश्रण केले, की पखवाज उलट पोकळ होऊन बाहेर पडतो. चुकीच्या हेडफोनवर भरवसा ठेवल्याची किंमत अशी दुसऱ्याच्या कानात वसूल होते.

एकच हेडफोन दोघांना वेगळा का ऐकू येतो?

कारण हेडफोन, कान आणि डोके मिळून एक यंत्र बनते. बाह्यकर्णाचा आकार, कर्णनलिकेची लांबी आणि गादी कुठे टेकते यावर आवाज बदलतो. कर्णनलिका स्वतःच ३ हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज वाढवते आणि ही वाढ प्रत्येकाची थोडी वेगळी असते. चष्म्याची काडी गादीखाली आली की फट पडते आणि बंद हेडफोनमधला खर्ज गळून जातो. गादी झिजली तरी तोच परिणाम. वाढत्या वयात वरच्या कंप्रता ऐकू येणे कमी होते, त्यामुळे वीस वर्षांच्या मुलाला टोचणारा आवाज साठीच्या माणसाला सुरेल वाटू शकतो.

याशिवाय दोन फसवे घटक आहेत. पहिला म्हणजे आवाजाची पातळी. किंचित मोठा वाजणारा हेडफोन जवळपास नेहमी ‘जास्त चांगला’ वाटतो. दुसरा म्हणजे डोळे. किंमत, ब्रँड आणि धातूची चकाकी माहीत असताना दिलेले मत निव्वळ कानाचे राहत नाही.

चांगल्या आवाजाला मोजमाप आहे का?

काही प्रमाणात आहे. हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात वेगवेगळ्या श्रोत्यांना, ब्रँड कळू न देता, हेडफोनच्या आवाजाचे नमुने ऐकवले. चांगल्या खोलीत चांगले स्पीकर जसे ऐकू येतात, त्याच्या जवळ जाणारा आवाज बहुसंख्यांना आवडतो, असे त्यातून पुढे आले. यालाच ‘हर्मन टार्गेट’ म्हणतात. मात्र एका लहान गटाला त्याहून अधिक खर्ज हवा असतो आणि दुसऱ्याला कमी. म्हणजे आवड ही निव्वळ मनमानी नाही, पण ती सर्वांची एकही नाही.

किमतीबाबतचा निष्कर्ष अधिक बोलका आहे. येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मोजमापे तपासली. कोणत्या कंप्रतेला किती आवाज मिळतो, याचा आणि विक्री किमतीचा संबंध त्यांना आढळला नाही. महाग हेडफोन टिकाऊ असू शकतो, डोक्यावर सुखद बसू शकतो, त्यातली विकृती कमी असू शकते. पण ‘दुप्पट किंमत, दुप्पट खरा आवाज’ असे गणित नाही.

केबल, ‘बर्न-इन’ आणि ‘हाय-रेझ’चे काय?

नवा हेडफोन शंभर तास वाजवला की ‘उघडतो’, असे अनेक जण ठामपणे सांगतात. प्रत्यक्षात गादी डोक्याच्या आकाराला बसते आणि मेंदू नव्या आवाजाला सरावतो. ऐकू येणारा फरक बहुतांशी याच दोन गोष्टींचा असतो. केबलचेही तसेच. ती मजबूत आणि बदलता येणारी असावी, पण चांदीच्या तारेने पखवाज बदलत नाही.

‘हाय-रेझ’ दर्जाचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. सीडीचा दर्जा १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ इतका असतो. मेयर आणि मोरन यांच्या २००७ मधील अभ्यासात श्रोत्यांना सीडीचा दर्जा आणि त्याहून वरचा दर्जा यांतील फरक ओळखायला सांगितले. ५५४ पैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून मिळावीत तितकीच. पुढे २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा अल्प फरक ओळखता येतो असे दिसले. थोडक्यात, फरक असलाच तर फार बारीक आहे. मायक्रोफोन चुकीच्या जागी ठेवल्याने पडणारा फरक त्याच्या कितीतरी पट मोठा असतो.

मोबाइलला जोडल्यावर नावाजलेला हेडफोन दबका का वाजतो?

याचे उत्तर बहुधा ‘ओहम’मध्ये असते. ‘एचडी ६००’चा विद्युतरोध ३०० ओहम आहे. ‘डीटी ७७० प्रो’ हा हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा वेगवेगळ्या आवृत्त्यांत मिळतो. जास्त ओहमच्या हेडफोनला जास्त व्होल्टेज लागते आणि मोबाइल किंवा त्याचे छोटे अडॅप्टर ते देऊ शकेलच असे नाही. मग ‘एवढे पैसे घालून आवाजच नाही’ अशी निराशा पदरी पडते. मोबाइलवर काम करायचे असेल तर ३२ ते ८० ओहमच्या दरम्यानचा, चांगल्या संवेदनशीलतेचा हेडफोन सोयीचा.

ब्लूटूथ ऐकण्यासाठी ठीक, मुद्रणासाठी नाही. त्यात आवाज काही क्षण उशिरा पोहोचतो. गाणारा स्वतःलाच उशिरा ऐकू लागला की ताल सुटतो. म्हणून स्टुडिओत आजही तारच वापरतात.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

ओळखीचे एकच मुद्रण प्रत्येक हेडफोनवर, शक्यतो समान पातळीवर ऐकावे. उजनीपलीकडच्या करमाळा परिसरात चित्रित झालेल्या ‘सैराट’चे (२०१६) संगीत यासाठी चांगले आहे. अजय-अतुल यांनी त्यातील वाद्यवृंद हॉलीवूडमधील सोनीच्या स्टुडिओत मुद्रित केला होता. व्हायोलिनचे थर, तालवाद्ये आणि गायकाचा आवाज वेगवेगळे कळतात का, हे त्यात तपासता येते. सोबत स्वतः मुद्रित केलेले साधे बोलणेही ऐकावे. ओळखीच्या माणसाचा आवाज ओळखीचा वाटला नाही, तर हेडफोन कितीही महाग असो, तो कामाचा नाही.

चष्मा वापरत असाल तर तो घालूनच ऐकावे. किमान वीस मिनिटे हेडफोन डोक्यावर ठेवावा. गादी आणि केबल बदलून मिळते का, हे विचारावे. आणि मिश्रण झाल्यावर ते मोबाइलचा स्पीकर, गाडीतला टेप आणि जमल्यास मंडपातला कर्णा, अशा तिन्ही ठिकाणी वाजवून पाहावे. हेडफोनमध्ये डाव्या बाजूचा आवाज फक्त डाव्या कानाला मिळतो, स्पीकरवर तसे होत नाही. श्रोते बहुतेक वेळा स्पीकरवरच ऐकणार आहेत.

आणि कानांचे काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, असुरक्षितपणे ऐकण्याच्या सवयींमुळे जगात १०० कोटींहून अधिक तरुणांच्या श्रवणशक्तीला धोका आहे. संघटनेच्या निकषानुसार ८० डेसिबल आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. तोच आवाज ९० डेसिबलवर गेला की मर्यादा अवघ्या चार तासांवर येते, कारण दर तीन डेसिबलमागे ध्वनिऊर्जा दुप्पट होते. गोंगाटात ओपन हेडफोन वापरणारे नकळत आवाज वाढवत जातात, हेही क्लोज्ड-बॅक निवडण्याचे एक कारण आहे. मुद्रणानंतर कानात शिट्टी वाजत राहिली, तर तो इशारा समजावा आणि वारंवार तसे होत असेल तर कानाच्या डॉक्टरांकडे जावे. झिजलेली गादी नवी बसवता येते. आतल्या कानातील नष्ट झालेल्या संवेदनपेशी मात्र पुन्हा उगवत नाहीत.