वणव्याच्या वाटेवरचे घर



“झोपडी जळू नये म्हणून पत्रे पाठवू का?” असे आपल्यापैकी अनेकजण मला विचारतात. हेतू चांगला आहे, पण उत्तर थोडे लांब आहे.

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुवा भागात, घरे दाटीने नसतात. कुटुंब आपल्या शेताजवळ, बहुधा टेकाडावर राहते. फाल्गुन-चैत्रात गवत वाळलेले असते. मोह वेचता यावा म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि कधी ती आग हाताबाहेर जाते. आग चढावर जोरात धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताकडे झुकून ते आधीच तापवतात. चढ १० अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. टेकाडावरचे घर म्हणजे तिच्या वाटेतच. आणि त्याच घरात वर्षाचे धान्य व बियाणे असते.

ऑस्ट्रेलियात ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत १७३ माणसे गेली. वणव्यात बहुतेक घरे थेट ज्वाळांनी नव्हे, तर वाऱ्याने उडालेल्या ठिणग्यांनी पेटतात, असे तिथल्या पाहण्यांत दिसले आहे. ठिणगीला हवी फक्त एक फट आणि आत काहीतरी सुके.

म्हणून फटींकडे पाहायचे. कुडाची भिंत दोन्ही अंगांनी जाड लिंपली तर आतला बांबू सहज पेट घेत नाही. गवती छप्पर सर्वांत धोक्याचे. पत्रा जळत नाही, पण त्याच्या नाळ्यांच्या तोंडातून ठिणगी आत वाशांपर्यंत जाते. शिवाय वैशाखात घराची भट्टी होते, ते वेगळेच. मला कौले बरी वाटतात. त्यांखाली बांबूची चटई घालून ती मातीने लिंपावी, वळचणीच्या फटी चिखलाने बुजवाव्यात. कौले सोडली तर सगळे पाड्यावरच मिळते.

एवढे करून चारा भिंतीला टेकूनच रचला, तर केलेले पाण्यात. गंजी आणि सरपण ३० फूट तरी लांब हवे, आणि उताराच्या खालच्या अंगाला नकोच. भोवतालचे गवतही तेवढे कापावे. वन विभाग जाळरेषा काढतो, त्यातलाच हा प्रकार. पाण्याचा भरवसा धरू नये, त्या दिवसांत हंडाभर पाण्यासाठी बायका दरी उतरतात.

तेव्हा पत्र्यांऐवजी कौलांचे पैसे द्या, आणि ते माघात पोचू द्या. होळीनंतर सगळे मोह वेचायला रानात असतात. लिंपायला घरी कोणी सापडत नाही.