झोपेचा रकाना

डायरीच्या प्रत्येक पानावर पिवळे अंगठे उमटलेत. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाशीला निघालेल्या गाडीत चढत होती. ड्रायव्हरनं डॅशबोर्डवरची डायरी काढून माझ्या हातात दिली. "बघा, सगळं लिवलंय." डिझेल, हमाली, ताडपत्रीची नवी रस्सी, वाराई, टोल, दोन चहा, आणि 'एन्ट्री' या मोघम शब्दापुढं २००. रुपयाला चूक नाही. वेळ मात्र कुठंच नाही.

मी वेळच बघायला आलो होतो. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावरच्या एस वळणावर ट्रक उलटला की बातमीत 'चालकाला डुलकी लागल्याने' हे ठरलेलं असतं. डुलकीआधी तो किती तास जागा होता, हे कधी वाचल्याचं आठवत नाही.

तास ठरलेले नाहीत असं नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाला आठ तास सांगितले, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याला परवानगी घेऊन फार तर दहा. पाच तास झाले की अर्धा तास विसावा. एका दिवसाचं काम संपून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे. तो कायदा आता नव्या श्रमसंहितेनं पोटात घेतलाय, आकडा आठच राहिलाय. पाचपेक्षा कमी कामगारांचा मालक १९६१ च्या कायद्यातून सुटायचा, आणि आपल्याकडं एका-दोन गाड्यांचे मालकच फार. ती फट १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ नं बुजवली: तास तेच लागू, शिवाय ते आधी ठरवून त्यांची नोंद ठेवायला लावायचा अधिकार राज्य सरकारला.

"आठ?" ड्रायव्हर हसला. "आठ तर भरण्यातच गेलं की."

खरंच गेले होते. सकाळी दहाला लावलेली गाडी साडेसहाला हलली. मधल्या वेळात तो झोपला नाही. पोती मोजायची होती, बिल्टी आणायची होती, किन्नर, म्हणजे क्लीनर, नवखा होता. एसटीच्या चालकाकडं निदान लॉगशीट असते, सुटल्याची नि पोचल्याची वेळ टाकलेली. ओव्हरटाइमसाठी भांडायला कागद असतो. याच्याकडं फक्त खर्चाची डायरी.

पेठ नाक्यावर हायवेला लागलो. केबिनमध्ये हळदीचा वास इतका दाट की घसा खवखवायला लागला. तासवड्याचा टोल मागं पडला आणि फोन वाजला. शेठ.

"तासवडं आत्ता? एवढा वेळ कुठं काढला?"

"लोडिंगला उशीर झाला, शेठ."

मला आधी उलगडा होईना, यांना घरबसल्या कळलं कसं. फास्टॅग. टोल कापला की तारीख-वेळेसकट मेसेज मालकाच्या मोबाइलवर. म्हणजे तासांची नोंद आहे, अगदी मिनिटासकट, फक्त ज्याचे तास त्याच्याकडं नाही. युरोपात ट्रकमधला टॅकोग्राफ वेळ टिपतो. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबणं सक्तीचं. इथं टोलचा मेसेज थांबलेल्याला हाकतो. शेठला एकट्याला शिव्या द्याव्यात असंही वाटत नाही. वाशीला पहाटे गाडी लागली नाही तर अख्खा दिवस खोळंबा, आणि बँकेचा हप्ता काही खोळंबत नाही.

साताऱ्यात बॉम्बे रेस्टॉरंट चौकाअलीकडं गाडी बाजूला घेतली. दहा वाजले होते. जुन्या कायद्यात विसावा धरून कामाचा पसारा बारा तासांपुढं जाता कामा नये, असं होतं. ते बारा इथंच संपले. वाशी अजून अडीचशे किलोमीटरच्या आसपास.

चहा घेता घेता विचारलं, "शेवटचं सलग कधी झोपला होता?"

त्यानं बोटं मोजली, किन्नराकडं बघितलं, परत मोजली. "परवा... न्हाई, त्येच्या आदल्या दिवशी. घरी." मग खिशातलं पेन काढून त्यानं डायरी उघडली. मला वाटलं तेच लिहितोय. वाकून पाहिलं तर 'चहा ३'.

माझ्या चहाचे पैसे त्यानं मला देऊ दिले नाहीत.